बाळ दाखल, आई व्हरांड्यात : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका आहे. ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, सगळी विदर्भात. त्यातली शेवटची ११ वर्षं एका जिल्ह्याच्या ठिकाणी, एसएनसीयूत. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर न रडलेली, काविळीची, झटके येणारी बाळं ठेवतात तो हा कक्ष. खेड्यातून येणारी माणसं त्याला ‘काचेची खोली’ म्हणत. हे पत्र त्या खोलीच्या दाराबद्दल आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बाळ एसएनसीयूत आहे तोवर त्याची आई त्याच्याजवळ राहिली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ भेटायला नव्हे, दिवसरात्र राहायला. तिला बाळाशेजारी खाट मिळावी, ते जमत नसेल तर पाठ टेकून आडवं होता येईल अशी खुर्ची मिळावी, आणि बाळाला सुट्टी होईपर्यंत तिचं जेवण रुग्णालयातून यावं.

आत्ता काय होतं, ते आपल्याला फाइलीतून दिसणार नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. बाळंतपण मोफत, आजारी बाळाचा उपचार मोफत, जाण्यायेण्याची गाडी मोफत. पूर्वी पैशापायी बाळ उचलून घरी नेणारे बाप मी पाहिलेत, त्यामुळे या योजनेचं मोल मला कोणी सांगायला नको. पण त्यात आईचं जेवण नॉर्मल बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस धरलेलं आहे. बाराशे ग्रॅमचं बाळ घरी जाण्याजोगं व्हायला मात्र महिना लागतो. चौथ्या दिवशी बाईला सुट्टी होते. वॉर्डातली खाट सुटते, जेवण बंद होतं, केस पेपर रेकॉर्डला जातो. तिचं बाळ आत दाखल असतं आणि ती स्वतः कागदावर कुठेच नसते.

मग ती एसएनसीयूच्या बाहेर व्हरांड्यात येऊन बसते. एक सतरंजी, एक पिशवी, पाण्याची बाटली. टाके ओले असतात, अंगावरून जात असतं, छातीत दूध दाटलेलं असतं. स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला, तेही सगळ्यांचं. रात्री दिवे चालू, माणसांची ये-जा चालू, डास. नवरा दोन दिवस थांबून कामाला परत गेलेला असतो, कारण मजुरी बुडवून किती दिवस थांबणार? दर दोन-तीन तासांनी आम्ही दार किलकिलं करून हाक मारायचो, “अमकीची आई, दूध आणा.” ती कुठेतरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दूध काढायची आणि स्टीलची वाटी पदराखाली झाकून दारापाशी आणून द्यायची. वाटी आम्ही आत घ्यायचो. दार लागायचं.

आपल्या घरांत ओल्या बाळंतिणीला किती जपतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सव्वा महिना तिला वाऱ्याला बसू देत नाहीत, कानाला रुमाल, पोटाला पट्टा, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेक-शेगडी. त्यातल्या काही गोष्टी चुकीच्याही असतील, बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराशी मी जन्मभर भांडले. पण एक गोष्ट कुठल्याही जातीत, कुठल्याही पाड्यावर कधी कोणी केली नाही : बाळ आणि बाळंतीण वेगळी ठेवणं. ती आम्ही रुग्णालयांनी केली.

एका बाईबद्दल सांगते. नाव सांगत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. सातवा महिना पुरा झाला न झाला, तोच शेतात पाणी गेलं. मुलगी झाली, ११८० ग्रॅम. वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवली, श्वासाला मदत म्हणून दाबाने हवा देणारा सीपॅप लावला, सलाईन लावलं. पाचव्या दिवशी बाईची आई गावाहून आली. हातात घडी केलेला कोरा कागद आणि एक पेन. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तर कागद-पेन बाळाच्या उशाशी ठेवू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. बाहेरची वस्तू वॉर्मरवर ठेवता येत नाही. मी तो कागद केस पेपरच्या पॅडला, मागच्या बाजूने, चिमट्यात अडकवला. म्हातारीने काचेतून ते पाहिलं आणि हात जोडले. तिच्या लेकीने मात्र बाळाला अजून हातही लावला नव्हता.

पहिले काही दिवस वाटीत चार-पाच मिली चीक यायचा. त्या बाळाला तेवढाच हवा असतो, थेंबाथेंबाने, नळीतून. आठव्या दिवशी वाटीत बरं दूध दिसलं. मग ते कमी होत गेलं. बाराव्या-तेराव्या दिवशी ती रिकामी वाटी घेऊन दाराशी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “येतच नाही, सिस्टर.” आम्ही केस पेपरवर नोंद केली की आईला दूध कमी आहे, आणि पावडरचं दूध सुरू केलं.

त्या नोंदीची मला आज लाज वाटते. दूध का आटलं हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. दूध यायला बाळाचा स्पर्श लागतो, रात्रीसुद्धा दर तीन तासांनी पिळून काढावं लागतं, पोटात अन्न आणि डोळ्याला झोप लागते. ती बाई बिस्किटं आणि वडापाववर जगत होती, फरशीवर निजत होती, आणि बाळ तिला दिवसातून दोनदा काचेतून दिसत होतं.

२६व्या दिवशी मुलीचं वजन १५०० झालं आणि सुट्टी दिली. मी मुलगी तिच्या हातात ठेवली. परक्याचं लेकरू धरावं तशी तिने ती धरली, कोपर ताठ, छातीपासून लांब. म्हणाली, “हिला कुठून धरू?” आम्ही दहा मिनिटांत सगळं सांगितलं : ऊब कशी ठेवायची, बोंडल्याने कसं पाजायचं, कोणत्या लक्षणांना परत यायचं. पंचवीस दिवसांचं शिक्षण दहा मिनिटांत. नवव्या दिवशी ती परत आली. मुलगी गार पडली होती, ताप मोजला तर ३४ अंश सेल्सिअसच्या थोडा वर. वजन सुट्टीच्या दिवसापेक्षा कमी. दुसऱ्या रात्री गेली. मृत्यूचं कारण सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. पण गार पडलेल्या, पाण्याने पातळ केलेल्या पावडरवरच्या बाळाला सेप्सिस होतो, हेही तितकंच खरं. आणि पावडर आम्हीच सुरू केली होती.

माननीय महोदय, आम्ही वाईट माणसं नव्हतो. आयांना आत घेऊ नका, जंतुसंसर्ग होतो, असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते मनापासून पाळलं. मी स्वतः कितीतरी बायांना दारातून मागे लोटलं आहे. माझा विचार कशाने बदलला ते सांगते.

मृगाच्या तोंडावरचं वादळ होतं. रात्री पावणेदोनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पाच मिनिटांत बंद पडला. आत १७ बाळं. ज्यांना ऑक्सिजन होता त्यांना जम्बो सिलिंडर लावले, ते हाताशी होते. पण वॉर्मर सगळे बंद. त्या वेळी ड्यूटीला एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच लागलेले. बॅटरीच्या उजेडात इकडेतिकडे पाहत एकदम म्हणाले, “सिस्टर, बाहेरच्या सगळ्या आयांना आत घ्या.”

तेरा जणी होत्या. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. गाऊन पुरले नाहीत, तेव्हा धुतलेल्या चादरी दिल्या. लंगोट, टोपी, मोजे एवढंच ठेवून प्रत्येक बाळ त्याच्या आईच्या उघड्या छातीवर पालथं दिलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून ओढणीने बांधलं आणि शाल पांघरली. ज्यांच्या आया तिथे नव्हत्या अशी चार बाळं उरली. दोन एका आजीने आणि एका मावशीने घेतली, दोन आम्ही सिस्टरांनी पोटाशी धरली. दर अर्ध्या तासाला मी काखेत थर्मामीटर लावत फिरत होते. एक बाळ ३६.१ वर आलं होतं, तासाभरात ३६.७ झालं. बाकीची ३६.५ च्या खाली गेलीच नाहीत. मॉनिटरच्या बॅटऱ्या संपल्या तसे अलार्म थांबले आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा शांतता ऐकली. एक बाई अगदी हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. दुसरीने मला खुणेने बोलावलं आणि म्हणाली, “हा श्वास घ्यायचा थांबला होता, मी पाठीवरून बोट फिरवलं, घेतला.” हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

चारनंतर वीज आली. एकही आई बाळ परत ठेवायला तयार नव्हती.

सकाळी आमच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला : परवानगीशिवाय नातेवाईक अतिदक्षता कक्षात कसे घेतले? दुपारी सगळ्या जणी पुन्हा व्हरांड्यात गेल्या. त्या १७ बाळांपैकी कोणालाही त्या रात्रीमुळे जंतुसंसर्ग झाला नाही. मी पुढचे पंधरा दिवस रजिस्टर रोज पाहत होते.

आम्ही त्या रात्री नाइलाजाने केलं ते जगाने आधीच केलेलं आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं असायची. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. तीच कांगारू मदर केअर, म्हणजे केएमसी. आपल्याकडेही एसएनसीयूत केएमसीची खुर्ची असते, पण ती बाळ स्थिर झाल्यावर, तास-दोन तासांपुरती, आणि पुष्कळदा तिच्यावर औषधांची खोकी ठेवलेली असतात.

बाळ स्थिर होण्याची वाट का पाहायची, हा प्रश्न घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक मोठा अभ्यास केला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत. आपल्याकडचं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली ३२०० हून अधिक बाळं त्यात होती. निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं, दिवसाचे सरासरी १७ तास. त्यासाठी नवजात कक्षातच आयांच्या खाटा टाकल्या. उरलेल्यांना नेहमीसारखं, आधी वॉर्मर आणि मग आई. २०२१ साली निकाल छापून आला. आईजवळच्या गटात २८ दिवसांच्या आतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. जंतुसंसर्गाची शंका यावी अशी बाळंही आईजवळच्या गटातच कमी निघाली, जास्त नाही. आम्ही ज्या भीतीने दार लावून घेत होतो ती भीतीच उलटी होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच, दिवसाचे ८ ते २४ तास, आईच्या छातीशी द्या. ज्याला स्वतःहून श्वासच घेता येत नाही, जे शॉकमध्ये आहे, म्हणजे ज्याचं रक्ताभिसरण ढासळलं आहे, ज्याला व्हेंटिलेटर लागतो, त्याचा अपवाद.

आपल्या केंद्र सरकारचंही म्हणणं वेगळं नाही. केएमसीच्या सूचना २०१४ साली निघाल्या. २०१७ साली कुटुंबाला बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घ्या, अशा सूचना निघाल्या. मी त्या प्रशिक्षणाला गेले होते, प्रमाणपत्र आजही घरी आहे. परत आले तेव्हा आमच्या कक्षाच्या दारावर तीच पाटी होती : ‘आत प्रवेश बंद’.

महाराष्ट्राला तर हे सांगायला लागू नये. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आईच्या दुधाला दुसरा पर्याय नाही हे ओळखून. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं ते साऱ्या देशाने उचललं. खेड्यातल्या थोडंफार शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्यदूत केलं, हातात वजनकाटा आणि थर्मामीटर दिला, घरी जाऊन आजारी नवजात बाळ ओळखायला आणि सांभाळायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघर जातात त्या याच कामाच्या पायावर. शेजारच्या आळीतली बाई परक्याचं बाळ वाचवायला शिकू शकते, हे आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. मग आई आपलंच बाळ सांभाळायला शिकणार नाही, असं आपण धरून का चालतो?

मला आठवतं, निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षं, एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी आमच्याकडे खटपट करून स्टोअररूम रिकामी केली आणि तिथे सहा खुर्च्या टाकल्या. दोन-तीन आठवड्यांत कक्षाची चालच बदलली. आया बाळाचं तोंड पुसायच्या, लंगोट बदलायच्या, नळीचं दूध सिरिंज धरून द्यायला शिकल्या. बाळाचा रंग जरा फिरला की आमच्याआधी त्यांना कळायचं, कारण एक सिस्टर आठ बाळांकडे पाहत असते आणि आई एकाकडे. सुट्टीच्या दिवशी कोणी “कुठून धरू” म्हणून विचारलं नाही. बापही दुपारी शर्टाची बटणं काढून बसायला लागले. एक ट्रकचालक होता, अंगाने दांडगा, तो बाळ छातीवर घेऊन हलायचाच नाही, पाय बधिर झाले तरी. मॅडमची बदली झाली. खुर्च्या हळूहळू ओपीडीत गेल्या.

म्हणून म्हणते, हे कोणाच्या चांगुलपणावर सोडू नका. शासन निर्णय काढा.

आता अडचणींबद्दल. जागा नाही, असं सांगितलं जाईल. काही ठिकाणी खरंच नाही. पण जिथे नवीन कक्ष बांधायचे आहेत तिथे नकाशातच बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट धरा, आणि शेजारी दोन स्वच्छतागृहं आणि न्हाणी. जुन्या ठिकाणी खुर्च्यांपासून सुरुवात होते. आमच्या स्टोअररूममध्ये झाली होती. आईचा केस पेपर बाळाबरोबर चालू राहील, तिच्या टाक्यांची, रक्तदाबाची, हिमोग्लोबिनची तपासणी तिथेच राउंडला होईल, अशी सोय प्रसूती विभागाने करायची. ती स्वतःही आठ-दहा दिवसांची ओली बाळंतीण आहे, हे आपण सगळेच विसरतो. सिझेरियनचा टाका चिघळून व्हरांड्यात तापाने फणफणलेली बाई मी पाहिली आहे. तिला तपासायला नेलं तर आधी नवीन चिठ्ठी काढून आणायला सांगितलं.

सिस्टरांबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, कारण माझ्या या मागणीचा कोणी वेगळा अर्थ लावू नये. आई आत आली म्हणून सिस्टर कमी चालतील, असं अजिबात नाही. एसएनसीयूत दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हवी, असं नियमच सांगतो. आम्ही दोघी जणींनी रात्रपाळीत २२ बाळं सांभाळली आहेत, एकेका वॉर्मरवर दोन दोन. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. ती बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी त्या रात्री ड्यूटीला असलेल्या सिस्टर डोळ्यांसमोर आल्या. रिकामी पदं भरा. सलाईन लावणं, सीपॅप बघणं, औषधाचा डोस मोजणं हे आईचं काम नाही आणि तिच्यावर ते ढकलूही नये.

आणि भंडारा. तो विषय लिहिताना अजूनही हात थांबतो, कारण तो आमच्याच भागातला, आमच्याच सारखा कक्ष. ९ जानेवारी २०२१, पहाटेपूर्वीची वेळ. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या एसएनसीयूत आग लागली. १७ बाळं होती. ७ बाहेर काढता आली, १० गेली. आई आत असती तर आग लागली नसती, असं मी म्हणणार नाही. आग वायरिंगमधून, यंत्रांतून, न झालेल्या देखभालीतून येते आणि तिचा बंदोबस्त तिथेच करायला हवा. पण प्रत्येक वॉर्मरजवळ एक जागं माणूस असतं तर पहिला धूर किती लवकर दिसला असता, आणि प्रत्येक बाळाला उचलून पळणारे दोन हात तिथेच असते, हा विचार मला सोडत नाही. आयांना आत घ्यायचं तर कक्षाला दुसरं दार हवं, रात्रीही उघडणारं. तेही याच निर्णयात लिहा.

एक गोष्ट गाडीची. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात कमी दिवसांचं बाळ झालं की १०८ ला फोन जातो आणि बाळ जिल्ह्याला निघतं. बाळाबरोबर आजी नाहीतर बाप. आई तिथेच, कारण तिच्या बाळंतपणाला अजून २४ तासही झालेले नसतात. दोन तासांच्या रस्त्याला, हिवाळ्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ आमच्याकडे पोचायचं तेव्हा तळपाय निळे असायचे. आईची तब्येत ठीक असेल तर तिलाच गाडीत घ्या, बाळ तिच्या छातीशी बांधून. तिच्याइतका चांगला वॉर्मर १०८ मध्ये दुसरा नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही. त्याहून बरं म्हणजे, सातव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईलाच बाळंतपणाआधी जिल्ह्याला हलवा.

डोळ्यांच्या तपासणीचंही याच धाग्यात येतं. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा महिन्याच्या आत तपासायचा असतो, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. आरओपी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणारा पडद्याचा आजार, निघाली आणि वेळेत लेसर केला तर दृष्टी वाचते. वेळ गेली तर बाळ जन्मभर आंधळं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका न सांगितलेल्या तपासणीपायी तामिळनाडूतल्या कुटुंबाला दीड कोटींहून अधिक भरपाई द्यायला लावली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली म्हणजे आईला सांगून झालं, असं होत नाही. जी आई महिनाभर आत बसली आहे, जिने शेजारच्या बाळाची तपासणी डोळ्यांनी पाहिली आहे, ती तारीख चुकवत नाही.

सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत गेली, आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. पुष्कळ राज्यांपेक्षा आपण बरे आहोत, आणि त्यामागे आशा, एएनएम, सिस्टर, डॉक्टर अशा हजारो माणसांचे कष्ट आहेत. पण उरलेली ही ११ म्हणजे बहुतेक आमच्याच खोलीतली बाळं. नवीन व्हेंटिलेटर आले तर हवेतच, कच्च्या फुप्फुसांसाठीच्या सर्फॅक्टंट या औषधाची कुपी वेळेवर मिळाली तर हवीच. तरी या सगळ्यांत स्वस्त जी गोष्ट आहे ती गेली कित्येक वर्षं दाराबाहेर फरशीवर बसून आहे.

घरीही एक समजूत अजून ऐकू येते, सातव्याचं बाळ वाचतं आणि आठव्याचं वाचत नाही. खरं तर पोटातला एकेक आठवडा बाळाला बळ देतो, आठव्याचं सातव्यापेक्षा कधीही बरंच. पण या समजुतीमुळे कितीतरी घरांत आठव्याच्या बाळावरची आशा सोडलेली असते, सासरची माणसं येईनाशी होतात, विशेषतः मुलगी असली तर. अशा वेळी आईने बाळ छातीशी धरलेलं असलं की ती ते सोडून जात नाही. डॉक्टरांचा सल्ला डावलून, सही करून बाळ घरी नेण्याचे जे प्रकार होतात, ते त्या सहा खुर्च्यांच्या काळात आमच्याकडे जवळजवळ थांबले होते.

आपण जिल्हा रुग्णालयांना भेटी देता. त्या दिवशी फरशी पुसलेली असते, पडदे नवे असतात, व्हरांडा मोकळा केलेला असतो. सतरंज्या उचलून बायांना धर्मशाळेकडे पाठवलेलं असतं, हे काम मीही केलं आहे. म्हणून विनंती आहे की एकदा न कळवता या, रात्री अकरानंतर. एसएनसीयूच्या दारापाशी ज्या बाया बसलेल्या दिसतील त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, बाळाला शेवटचं हातात कधी घेतलं होतं. मग आत जा, आणि जाताना तिला बरोबर घ्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, विदर्भ